जुनी गिटार घ्यायला निघालीस तर

अगं, ‘जुन्या गिटारीचा आवाजच वेगळा’ हे वाक्य तुला दुकानदार ऐकवेल, विकणारा ऐकवेल, आणि ज्याने जुनी गिटार कधी मांडीवर घेतली नाही तो सगळ्यात जोरात ऐकवेल. ऐकून घे, चहा पी, पण पैसे मोजायच्या आधी विचार की वेगळा म्हणजे कशामुळे? लाकडामुळे, पिकअपमुळे, की अ‍ॅम्पमधल्या स्पीकरमुळे? वय सगळ्यांवर सारखं चढत नाही. काही भाग वयाने सुधारतात, काही नुसते बदलतात, काही सरळ खराब होतात. विकणारा मात्र सगळ्यांचे मिळून वयाचे पैसे मागतो. म्हणून एकेक भाग वेगळा काढून बघायला शीक.

त्याआधी एक साधा हिशेब. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्ल्यूजब्रेकर्सबरोबर जी रेकॉर्ड केली, तिच्यातल्या आवाजामागे लोक अजून वेडे आहेत. त्या वेळी त्याची लेस पॉल जेमतेम पाच-सहा वर्षांची होती, आणि मार्शलचे अ‍ॅम्प तर बाजारात येऊनच तीन-चार वर्षं झाली होती. १९६९ ला वुडस्टॉकच्या मंचावर हेन्ड्रिक्सच्या गळ्यात जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती ती १९६८ ची. आपण ज्याला ‘व्हिंटेज टोन’ म्हणून हात जोडतो तो नव्या किंवा फार तर सेकंडहँड मालातून निघालेला आहे. गिब्सनच्या १९५८ ते ६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉल आज कोट्यवधींत जातात, पण त्या काळी त्या खपेनात म्हणून कंपनीने मॉडेलच बदललं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. तेव्हाही भिकार गिटारी बनत होत्याच. त्या मोडल्या, फेकल्या गेल्या, कुणाच्या तरी शेकोटीत गेल्या. ज्या चांगल्या वाजत होत्या त्याच जपल्या गेल्या. आज हाती येणारी जुनी गिटार बरी वाजते यात वयापेक्षा या चाळणीचा वाटा मोठा.

आता लाकूड. अकूस्टिक गिटारीत लाकडाला वय लागतं, हे खरं आहे. समोरची फळी बहुतेक वेळा स्प्रूसची असते. वर्षं जातात तसं लाकडातलं हेमिसेल्युलोज हळूहळू तुटत जातं, फळी किंचित हलकी होते, हवेतली ओल पूर्वीइतकी पीत नाही आणि कंपनं आतल्या आत कमी जिरवते. सूर थोडा चटकन उठतो, थोडा जास्त टिकतो. फरक बारीक असतो, पण असतो. कंपन्यांनी यावर भट्टीचा उपाय काढला आहे. लाकूड कमी ऑक्सिजनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तापवायचं की बरंचसं तेच रासायनिक काम काही तासांत होतं. मार्टिन करते, यामाहा आपल्या पद्धतीने करते. अशी भाजलेल्या फळीची नवी गिटार एकदा वाजवून बघ आणि मगच कुणाला निव्वळ वयाचे दुप्पट पैसे द्यायचे ते ठरव.

हे सगळं अखंड लाकडाच्या फळीबद्दल. प्लायवूडची गिटार तीस वर्षं ठेवलीस तरी तिच्यात फारसं काही घडत नाही, आणि आपल्याकडे जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारींत प्लायवूडच्याच जास्त. ओळखायला सोपं आहे. साऊंडहोलच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मार. वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड. मधे आडव्या रेघेचा थर दिसला तर प्लाय. कडेला काळा रंग किंवा पट्टी लावून ती झाकली असेल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचार. मागची आणि बाजूची फळी शिसवीची असेल तर ‘ब्राझीलचं नाही का?’ म्हणून नाक मुरडू नकोस. मार्टिनने १९६९ च्या सुमाराला ब्राझिलियन रोझवूड सोडलं आणि आपल्या दक्षिणेतलं शिसव घेतलं. त्यानंतरच्या त्यांच्या कितीतरी नावाजलेल्या गिटारींच्या पाठीला आपल्याकडचंच लाकूड आहे. ब्राझीलच्या त्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. कागद नसलेली तसली गिटार परदेशातून आणशील तर कस्टममध्ये अडकेल.

वाजवून वाजवून गिटार खुलते, असंही म्हणतात. यावर मी अर्धाच विश्वास ठेवतो. गिटार न वाजवता तिला दिवसचे दिवस कंप देणारं यंत्र बाजारात मिळतं. त्याने कंप दिलेल्या आणि न दिलेल्या एकसारख्या गिटारी वादकांच्या हाती देऊन चाचणी झाली, तेव्हा त्यांना फरक सांगता आला नाही. व्हायोलिनवाल्यांचं तर त्याहून पुढे गेलं. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एकवीस वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालायला दिले, हनुवटीखालच्या पट्टीवर अत्तर लावलं, म्हणजे जुन्या लाकडाचा वासही येऊ नये, आणि तीन नवी व तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. सर्वांत आवडलेलं वाद्य नवं निघालं आणि सर्वांत कमी आवडलेलं स्ट्रॅडिव्हेरियस. नव्या गिटारीत पहिल्या काही महिन्यांत फरक पडल्यासारखा वाटतो तो मलाही वाटतो. पण त्या महिन्यांत तुझा उजवा हात तिला सरावलेला असतो, पिक कुठे मारलं की गोल आवाज येतो ते त्याला कळलेलं असतं, आणि श्रेय लाकडाला मिळतं.

लाकडाचं खरं भांडण वयाशी नाही, हवेशी आहे, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात महत्त्वाचं. अकूस्टिक गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात आकडा पंच्याऐंशी-नव्वदवर जातो. फळी ओल पिऊन ब्रिजच्या मागे फुगते, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जड होतात, आणि आवाज कापडाआडून आल्यासारखा बोदा येतो. उलट नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला टोचतात आणि फळीला चीर जाऊ शकते. म्हणून जुलैत ऐकलेल्या गिटारीवर जुलैतच निकाल देऊ नकोस. शक्य असेल तर तीच गिटार दिवाळीनंतर पुन्हा ऐक. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर ठेव, काहीशे रुपयांत मिळतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि रंग बदलला की मंद आचेवर सुकवून पुन्हा वापर. पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवायची नाही. तिथे आधी सरस मऊ पडतो, मग तारांच्या ओढीने ब्रिज मागून सुटू लागतो. ब्रिज सुटलाय का ते बघायचं असेल तर व्हिजिटिंग कार्डापेक्षा पातळ कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघ. आत गेला तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापायला सांग.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नकोस. सगळ्यांच्या घरी असतं म्हणून लोक लावतात. काही महिन्यांत ते चिकट होतं आणि खवट वासही येतो. रबरी पट्ट्यांच्या स्टँडवरही जुनी गिटार ठेवू नकोस. जुन्या गिटारींचं नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश रबराशी लागून विरघळतं, आणि पाठीवर कायमचा डाग पडतो.

वाजवण्याने गिटारीवर जे खरंखुरं कोरलं जातं ते फ्रेटवर. पहिल्या तीन-चार फ्रेटवर, पातळ तारांखाली, बोट फिरवून बघ. खाचा जाणवतील. पुढच्या फ्रेटशी उंची जुळत नाही म्हणून तार झणझणते. तंबोऱ्याला जवारी हवीच, गिटारीला नको. थोड्या खाचा असल्या तर घासून सपाट होतात. फ्रेटची उंचीच संपली असेल तर सगळे बदलावे लागतात, आणि तो खर्च स्वस्तातल्या गिटारीच्या किमतीइतका होतो. मग नेकच्या टोकाचा नट बघ. खाचा खोल गेल्या असतील तर मोकळी तार खुळखुळते. ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. शिसपेन्सिलीची भुकटी खाचेत घाल, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. नेक डोळ्याशी धरून रेल्वेच्या रुळासारखी बघायची सवय लाव. वाकलेली दिसली आणि तिच्यातला ट्रस रॉड फिरवायचा तर एका वेळी फेरीचा आठवा भाग. मग एक दिवस थांब.

रंग उडणं, ओरखडे, पोपडे यांचं कौतुक करायचं तेवढं कर, पण आवाजात मोजू नकोस. विली नेल्सनची ‘ट्रिगर’ नावाची मार्टिन एन-२० बघितली असशील. १९६९ ला घेतलेली ती नायलॉन तारांची गिटार. तिला पिकगार्ड नसतो, कारण ती बोटांनी वाजवायची. हा पिकने वाजवत राहिला. फळीला आरपार भोक पडलं. तरी ती वाजते, कारण आतल्या पट्ट्या कारागीर पुन्हा पुन्हा सांभाळत आले. आयर्लंडच्या रोरी गॅलघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग त्याच्या घामाने उडाला असं सांगतात. खरंही असेल, मुंबईत मे महिन्यात मंडपात वाजवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण फेंडरने १९९५ पासून मुद्दाम घासून, गंजवून म्हातारी केलेली नवी गिटार विकायला सुरुवात केली, ते मला पटत नाही. हाताला ती मऊ लागते हे कबूल, नेकच्या मागचं पॉलिश घासलेलं असलं की अंगठा सरकतो. तेवढंच हवं असेल तर भांडी घासायच्या बारीक हिरव्या स्क्रबरने नेकची पाठ अलगद घास. दहा मिनिटांचं काम.

पिकअपबद्दल थोडक्यात सांगतो. चुंबक वयाने झुरतो म्हणून आवाज गोड होतो, हे फार वाढवून सांगितलं जातं. चांगला अल्निको चुंबक नुसत्या वयाने फारसा उतरत नाही, दुसऱ्या चुंबकाजवळ किंवा जोरदार क्षेत्रात ठेवला तर उतरतो. पन्नासच्या दशकातल्या पिकअपांचा आवाज वेगवेगळा येतो कारण हाताने किंवा डोळ्याच्या अंदाजाने गुंडाळलेली तार कुठे जास्त, कुठे कमी भरली. मल्टिमीटर बरोबर ने. केबल लावून दुसऱ्या टोकाला मोज, व्हॉल्यूम पूर्ण. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम, जुन्या धाटणीच्या हमबकरला ७ ते ९. आकडा याच्या कितीतरी पट वर गेला किंवा दिसलाच नाही, तर कॉइल तुटली असण्याची शक्यता मोठी, आणि ‘तार हलली असेल’ या उत्तराला भुलू नकोस.

आता अ‍ॅम्प. इथे म्हातारपण उघड दिसतं, आणि इथेच जीवही जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. मागची फळी उघडून बोटं घालायची नाहीत, तुला कितीही माहिती असली तरी. तुझ्या पिढीला यूट्यूबवर सगळं दिसतं, झटका दिसत नाही.

साठ-सत्तर सालचा अमेरिकन अ‍ॅम्प कुणी आणला असेल तर प्लग बघ. दोन पिनांचा असेल तर वाजवूनही बघू नकोस. त्यात मेन्स आणि चॅसिसच्या मधे एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की गिटारीच्या तारांवर वीज येते. आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत गणपतीच्या मंडपात अर्थिंग नावालाच असायचं, माइकला ओठ लागला की डोळ्यांपुढे चमकायचं. तीन पिनांची वायर, खरं अर्थिंग, मग बाकीचं. तो अ‍ॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या आवरणाला हात लावून बघ. हात ठेवता येत नसेल तर घेऊ नकोस.

अ‍ॅम्पच्या आवाजातलं वय तीन ठिकाणी असतं. पहिलं, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतलं द्रव्य स्टॅम्पपॅडच्या शाईसारखं सुकत जातं, वाजवलंस तरी आणि ठेवून दिलंस तरी. पंधरा-वीस वर्षं झाली की बदलायचे. सुकलेत की नाही हे कानाने ओळखता येतं. गिटारीच्या सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाब, ९८ हर्ट्झचा सूर येतो. अ‍ॅम्पमधून नुसतीच येणारी घुमघुम त्या सुराच्या अगदी जवळ असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कपॅसिटर गेलेत. घुमघुम त्याच्या एक सप्तक खाली असेल तर अर्थिंगची किंवा वायरिंगची भानगड. आणखी एक खूण आहे. वरच्या फ्रेटवर मोठ्याने सूर लावला की त्याच्या खाली दुसराच एक बेसूर, भुतासारखा सूर लागतो. विकणारा म्हणेल की हाच तर जुना टोन. हसून पुढे चल.

दुसरं, व्हॉल्व्ह. त्यांचा कॅथोड झिजतो, आवाज हळूहळू फिका होतो, पण तो इतका सावकाश जातो की रोज वाजवणाऱ्याला कळत नाही. काचेच्या आत निळसर झाक दिसली तर घाबरू नकोस, ती निरुपद्रवी असते. आतली राखाडी पट्टी लाल होऊन चमकू लागली तर त्याच क्षणी बंद कर. बायस बिघडलाय, आणखी थोड्या वेळात व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाईल. पेन्सिलीच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मार. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर तो मायक्रोफोनिक झालाय. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही.

तिसरं स्पीकर, आणि माझ्या मते वाजवण्याने आवाज खरोखर कुठे घडत असेल तर इथे. नवा स्पीकर ताठ असतो. कागदाच्या कोनची कड आणि मागची जाळी काही तास जोरात वाजवल्यावर सैल होते, त्याची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी उतरते, वरचा चिरकेपणा जातो, खालचा आवाज भरतो. सेलेस्टियनसारखी स्पीकर बनवणारी कंपनीही हे सांगते. जुन्या अ‍ॅम्पमध्ये मूळ स्पीकर आहे की बदललाय, यावर त्याचा टोन इतर कशाहीपेक्षा जास्त अवलंबून. चार बोटांनी कोन सगळीकडून सारखा, हलकेच आत दाब. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. आपल्याकडे कोन ओल पिऊन मऊ होतो, बुरशी धरतो, मागे झुरळं घर करतात. बारीक चीर टिश्यू पेपर आणि सरसाने बुजवता येते. सगळा कोन बदलला असेल तर तो जुना स्पीकर राहिलेला नाही. किंमत त्या हिशेबाने कर.

वर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प थेट बोर्डावर लावायचा नाही. मेकॅनिककडे सिरीज टेस्ट लॅम्प असतो, त्यातून आधी जागा करायचा. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मुंबईत असशील तर कपॅसिटरसाठी लॅमिंग्टन रोडला जा, पण व्होल्टेज रेटिंग बघून घे. ४५० ला ४०० चालतो असं सांगणाऱ्या दुकानातून निघून ये.

वय खरं आहे की रंगवलेलं, हे बघायचं तर व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे पॉट उलटे करून त्यांच्या पाठीवरचा आकडा वाच. १३७६६३२ असं काही दिसलं तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३२ म्हणजे त्या वर्षातला बत्तिसावा आठवडा. जुन्या स्पीकरांवरही अशीच रीत, २२० म्हणजे जेन्सन. पॉट मूळचा असेल तर त्याच्या तारखेआधी ती गिटार बनलेली असू शकत नाही. १९६२ ची म्हणून विकतायत आणि पॉट ६६ चा, तर एक तर पॉट बदललाय नाहीतर गोष्ट. सोल्डर नवं चकचकीत दिसलं तर कुणीतरी आत हात घातलाय. गुन्हा नाही तो, पण विचार.

ऐकायला जाशील तेव्हा तारांचा नवा सेट, स्वतःची केबल आणि तुझं रोजचं एकच गाणं घेऊन जा. मेलेल्या तारांवर कुठलीही गिटार म्हातारी वाटते, आणि आपल्या घामाने तारा पंधरवड्यात मरतात. आधी हळू वाजव, मग व्हॉल्यूम सातवर नेऊन थोडा वेळ तिथेच ठेव. पाठ फिरवून दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांग. तुझ्या आवडीची शेजारची नवी गिटारही मधेच वाजवायला सांग, कुठली कधी ते तुला न सांगता. जुनी ओळखू आली नाही तर पैसे वाचले.

आणि घेतलीसच, तर दुरुस्तीत निघालेला प्रत्येक जुना भाग, पॉट, कपॅसिटर, स्क्रू, मूळ ट्युनर, पिशवीत घालून वर तारीख लिहून केसमध्ये ठेव. मेकॅनिक म्हणेल ‘टाकून देतो’. देऊ नकोस. उद्या विकायला काढलीस तर घेणारा आधी तीच पिशवी मागेल.